मंगळाचा दगड 53 लाख डॉलरला, अन् जलीबमधलं ‘आकाशातलं लोखंड’

जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात मंगळावरून आलेला सुमारे 25 किलोचा दगड 53 लाख डॉलरला गेला. तो 2023 साली नायजरच्या वाळवंटात सापडला होता. ही बातमी आली आणि इकडे जलीब अल शुयूखच्या रूमारूमांतले व्हॉट्सअॅप ग्रुप जागे झाले. पुढे नायजर सरकारने चौकशी लावली, उल्का आणि मौल्यवान दगडांची निर्यात थांबवली. तो भाग मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही!

हल्ली फोटो येतात ते ‘दगडात लोखंड, लोखंडात हिरवे मणी’ असे. खऱ्या अशनींत असा प्रकार आहे. त्याला पाषाण-लोह अशनी म्हणतात. त्यातल्या पॅलसाइटमध्ये लोह-निकेलच्या जाळीत ऑलिव्हिनचे पिवळे-हिरवे स्फटिक बसलेले असतात. पातळ काप उजेडासमोर धरला की रंगीत काचेच्या खिडकीसारखा दिसतो. दुसरा प्रकार मेसोसिडेराइट, तो दिसायला साधा. पृथ्वीवर पडताना पाहिलेल्या शंभर अशनींत हे दोन्ही मिळून जेमतेम एक भरतात. म्हणूनच संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात, आणि म्हणूनच ठगांनाही तो लाडका.

विकणारा लोहचुंबक चिकटवून दाखवतो. अहो, चुंबक भट्टीच्या मळीलाही चिकटतो, आणि आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या दगडालाही थोडाफार ओढ घेतो. दगड कापून, घासून आत निकेल आहे का, हे प्रयोगशाळाच सांगते. तिथे वर्गीकरण झालं की अशनीला अधिकृत नाव मिळतं आणि त्याची आंतरराष्ट्रीय यादीत नोंद होते. बाजारात किंमत येते ती या नावाला. नाव नाही, तर तो नुसता दगड.

गावाकडे ‘राईस पुलर’चं प्रकरण आठवतं ना? वीज पडलेलं तांब्याचं भांडं, त्यात म्हणे इरिडियम, आणि नासा कोट्यवधींना घेणार. 2018 मध्ये दिल्ली पोलिसांनी अशाच एका बापलेकांना पकडलं होतं. आता भांड्याच्या जागी उल्का आलीय, बाकी गोष्ट तीच. ‘टेस्टिंग फी’ आधी द्या, हेही तेच.

खरा अशनी हाती लागला तरी घोर संपत नाही. सलालाहून कुणी भाचा ‘वाळवंटात सापडला’ म्हणून आणत असेल, तर त्याला आधीच थांबवा. 2011 मध्ये ओमानमध्ये दोन अमेरिकन संग्राहकांना बेकायदा खाणकामाच्या आरोपाखाली काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. आपल्याकडे 22 मे 2012 ला नागपूर जिल्ह्यात काटोलला दगडांचा वर्षाव झाला, तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तुकडे गोळा करून अभ्यासले. ते साधे पाषाण अशनी होते, पण शास्त्राला लाखमोलाचे. डिसेंबर 2022 च्या भू-वारसा विधेयकाच्या मसुद्यात अशनींचाही उल्लेख आहे.

छंदच असेल, तर रशियातल्या सेमचान किंवा केनियातल्या सेरिचो अशनीचा छोटासा काप, नाव आणि वजन लिहिलेल्या पावतीसह, जाणत्या विक्रेत्याकडून घ्यावा. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले दिनार त्यात घालू नयेत. पुन्हा विकायला गेलं तर घेतल्या भावाने क्वचितच जातो. आणि रत्नागिरीच्या घरी न्यायचा असेल, तर हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पावसाळी हवेत पॅलसाइटच्या लोखंडाला गंज धरतो, मग स्फटिक सुटून पडायला लागतात.