‘मुलं पाठवा, सर’

प्रवेशाचे दिवस आले की आपल्यापैकी प्रत्येकाला फोन येतात. कुणाची भाची, कुणाच्या शेजाऱ्यांची मुलगी. गुण चांगले आहेत, डिप्लोमा किंवा डिग्रीला जायचे आहे, शाखा कोणती घ्यावी? मुलासाठी विचारले असेल तर आपण दहा मिनिटे बोलतो. मेकॅनिकलला मरण नाही, मशीन हाताखाली येईल, पुढे स्वतःचे चार पैशांचे युनिट टाकता येईल, वगैरे. मुलीसाठी विचारले असेल तर विषय एका वाक्यात संपतो : ‘कॉम्प्युटर घ्या, नाहीतर ई अँड टीसी.’ ज्यांचे उभे आयुष्य लेथ, ग्राइंडर आणि व्हीएमसीच्या आवाजात गेले, तीच माणसे हा धंदा आपल्या पोरीबाळींना सुचवत नाहीत.

तेव्हा मुलींनी अभियांत्रिकीकडे वळावे म्हणून शाळाशाळांतून व्याख्याने द्यायची, तर आधी आपल्या कारखान्याच्या गेटच्या आत बघावे लागेल. कॉलेजचे दार आज बंद नाही. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशात मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे केवळ मुलींसाठीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून चालू आहे. एआयसीटीईची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते, आणि ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या पात्र मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले. मुली येतातही. पण त्यांची गर्दी कॉम्प्युटरच्या वर्गात असते, मेकॅनिकलच्या वर्गात त्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. मुली आणि त्यांचे आईबाप हिशेबी असतात. नोकरी कुठे मिळते आणि कुठे मिळत नाही, हे त्यांनी आदल्या वर्षीच्या मुलींकडून ऐकलेले असते.

१९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असे छापले होते आणि सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला. ही गोष्ट आपण महिला दिनाच्या भाषणात हमखास सांगतो. आता असे कुणी छापत नाही. आता कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांना फोन करून सांगतात, ‘शॉपफ्लोअरचं काम आहे, मुलं पाठवा, सर.’ त्या पोस्टकार्डाला निदान पत्ता होता. फोनवर नाकारल्या गेलेल्या मुलीला आपण नाकारले गेलो हेही कळत नाही.

देशातल्या पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक असलेल्या ए. ललिता यांचा इतिहास या संदर्भात नीट वाचण्यासारखा आहे. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरी काही महिन्यांची मुलगी. वडील पप्पू सुब्बाराव मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला आणि त्या सगळ्या पुरुषांच्या कॉलेजात ललिता दाखल झाल्या. पुढचा भाग कमी सांगितला जातो. होस्टेलवर त्या एकट्या पडल्या. तेव्हा मुलींना प्रवेश खुला असल्याची जाहिरात देण्यात आली, आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या. थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. आपल्याकडे व्हीजेटीआयमधून सिव्हिल झालेल्या शकुंतला भगत यांनी पुढे पतीसह क्वाड्रिकॉन कंपनी काढून सुट्या भागांच्या जोडणीतून पूल उभे केले. पूल बांधणारे नामवंत अभियंते एस. बी. जोशी हे त्यांचे वडील.

ललिता आणि शकुंतलाबाई, दोघींचे वडील याच क्षेत्रातले. त्यांनी लेकीला ‘हे तुझं काम नाही’ म्हटले नाही. आणि गिंडीच्या त्या जाहिरातीतून भरतीसाठी घेण्यासारखा सरळ धडा असा की एका वेळी एकच मुलगी घेऊ नये. दोनशे पुरुषांत एकटी मुलगी सहा महिन्यांत सोडून जाते आणि मग ‘मुली टिकत नाहीत’ असा निष्कर्ष आपण वर्षानुवर्षे वापरतो. दोघी-तिघी एकदम घ्या, मग टिकतात का ते बोला.

घेतल्यावर त्यांना कुठे बसवतो, हा त्याहून नाजूक प्रश्न. बहुतेक कारखान्यांत उत्तर ठरलेले असते : क्वालिटीत. सीएमएम, गेज कॅलिब्रेशन, पीपॅपच्या फायली, ऑडिटची तयारी. ही कामे कमी प्रतीची मुळीच नाहीत. पण प्लँट हेड कुठून होतो? प्रॉडक्शनमधून. सेटिंग, टूल बदल, ब्रेकडाउन, रात्री अडकलेले डिस्पॅच यातून गेलेल्या माणसालाच आपण ती खुर्ची देतो. पहिल्या पाच वर्षांत मुलीला मशीनजवळ फिरकू द्यायचे नाही आणि पंधराव्या वर्षी ‘हिला लाइनचा अनुभव नाही’ म्हणायचे, हा न्याय नव्हे.

‘पण जॉब उचलणार कोण?’ हा नेहमीचा सवाल. दहा इंची चक किंवा जड फिक्स्चर हाताने उचलायला लावणे पुरुषाच्या बाबतीतही चूकच आहे. आपल्या शॉपमधल्या चाळिशीच्या किती ऑपरेटरांच्या कमरेला पट्टा आहे, एकदा पाहा. जिब क्रेन, लिफ्टिंग टेबल, चेन ब्लॉक हे मुलींसाठी करायचे खर्च नव्हेत, ते आधीच करायला हवे होते. मुली आल्याने ती कसर उघडी पडते, इतकेच. सेफ्टी शूज आणि हातमोजे मात्र त्यांच्या मापाचे मागवा. दोन नंबर मोठा बूट घालून तेलकट फरशीवर चालणे हा अपघाताला आवतण देण्याचाच प्रकार आहे.

स्वच्छतागृहाबद्दल लिहायलाच लाज वाटते. १९४८ च्या कारखाना कायद्यानेच स्त्रियांसाठी वेगळी सोय बंधनकारक केली होती. तरी अनेक लहान युनिटमध्ये ‘लेडीज टॉयलेट’ म्हणजे ऑफिसमधले एक कुलूप आणि रिसेप्शनकडे असलेली त्याची किल्ली.

शिफ्टचा, म्हणजे रात्रपाळीचा प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. जुन्या कायद्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ स्त्रियांना कारखान्यात काम करण्यास मनाई होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. कायदा बदलला, पण मध्यरात्रीच्या सुमारास सुटणाऱ्या दुसऱ्या पाळीनंतर भोसरी, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या गल्लीतून घरी जायचे कसे? वीस-पंचवीस माणसांच्या युनिटला स्वतःची बस परवडत नाही, हे मान्य. पण एकाच रस्त्यावरची आठ-दहा युनिट मिळून एक गाडी नक्की ठेवू शकतात. आपल्या औद्योगिक संघटना वीज दराविरुद्ध मोर्चे काढतात, तशी ही एक गाडी काढावी.

बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या पगाराची धास्तीही अनेकांना असते. ज्यांचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्या ईएसआयसीखाली येतात, त्यांचा हा लाभ महामंडळ देते, मालक नव्हे. त्यावरच्या पगाराच्या इंजिनिअरचा भार मालकावर येतो हे खरे. पण तयार केलेला मुलगा दीड वर्षात पाच हजार जास्त मिळाले म्हणून चाकणला निघून जातो, त्याचा खर्च आपण कुठल्या खात्यात मांडतो?

या वर्षीच्या भरतीपासून इतके करा : कॉलेजला फोन करताना ‘मुलं’ न म्हणता जागांची संख्या सांगा, निवडीत किमान दोन मुली एकत्र घ्या, आणि पहिले वर्षभर त्यांना मशीनवर ठेवा. मुलाखतीत लग्नाचा विषय काढू नका. ज्यांनी हे आधीच केले आहे त्यांनी काय अडले, किती खर्च आला आणि काय जमले नाही, ते आकड्यांसह आम्हाला लिहून कळवावे. निवडक अनुभव पुढच्या अंकांतून छापू.