ट्रॉली दोन चाकी की चार चाकी?



हळदीचे पैसे हाती आले की आपल्या हिंगोली जिल्ह्यात दोन बोलणी सुरू होतात. एक लेकीच्या लग्नाची, दुसरी ट्रॉलीची. पहिल्या बोलणीत मला कोणी विचारत नाही. दुसरीसाठी मात्र औंढ्याकडच्या एका शेतकऱ्याने मला आखाड्यावर बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "साहेब, भावकीत चार चाकी आली. पोरं म्हणतात आपणही तीच आणू. तुम्ही काय सांगता?"

मी म्हणालो, "दादा, आधी हे सांगा, तुमचा माल वावरातून सडकेला कसा येतो?" ते हसले. त्यांची पांदण पावसाळ्यात बैलालाही नको वाटते.

ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला दोन चाकी ट्रॉली वेगळी शिकवायला नको. आस एकच. ओझे पुढे जास्त झाले तर बैलांच्या मानेवर येते, मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते. इथे बैलांच्या जागी ट्रॅक्टर आहे, एवढाच फरक. समजा ट्रॉली धरून ३ टन वजन आहे आणि आसापासून हुकापर्यंत ३ मीटर अंतर आहे. त्या वजनाचा मध्य आसाच्या पुढे ३० सेंटिमीटर असेल तर हुकावर ३०० किलो भार पडतो. तो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना दाबून धरतो आणि काळ्या रानात चाक घसरत नाही. तोच मध्य आसाच्या मागे ३० सेंटिमीटर गेला तर ३०० किलोच्या जोराने हूक वर उचलला जातो, आणि चाके जागीच फिरू लागतात. म्हणून सोयाबीनचे कट्टे भरताना थर आधी पुढून लावा. पण सगळेच पुढे रचू नका. तसे केले तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड हलके होते आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

मागे जड असलेल्या दोन चाकी ट्रॉलीची पिन कधीही ओढू नका. दांडा उसळून तोंडावर येतो. आधी मागे ओंडका लावा, मग पिन काढा.

चार चाकीची रीत निराळी. पुढचा आस टर्नटेबलवर फिरतो आणि सगळे ओझे तिच्या स्वतःच्या चार चाकांवर राहते. ट्रॅक्टरने फक्त ओढायचे. डांबरी सडकेवर ती शांत चालते. ट्रॅक्टर सोडून पेरणीला न्या, ट्रॉली उभी राहून भरत राहते, ही मोठी सोय आहे. वसमतकडे ऊस कारखान्याला नेणाऱ्यांनी ती घेतली तर मला नवल वाटत नाही. पण ओल्या रानात तिचे ओझे ट्रॅक्टरला दाबत नाही, म्हणून ट्रॅक्टर फिरत राहतो आणि ट्रॉली जागची हलत नाही. शिवाय मागे घेताना ती दोन ठिकाणी वाकते. अरुंद पांदणीत समोरून दुसरी गाडी आली की चांगल्या ड्रायव्हरलाही घाम फुटतो. चार टायर, चार बेअरिंगा, टर्नटेबलचे ग्रीस, हा खर्च वेगळाच.

तिसराही एक प्रकार आहे. त्यात दोन्ही आस ट्रॉलीच्या पोटाखाली एकमेकांना लागून असतात. याला टँडम म्हणतात. मुरूम, विटा वाहणाऱ्यांना तो बरा पडतो. एक टायर बसला तरी ट्रॉली लगेच कलंडत नाही आणि खड्ड्यात आदळतेही कमी. मात्र वळताना चाके फरफटतात, टायर झिजतात आणि रानाच्या कडेची माती खरवडली जाते. एका घरच्या शेतीला त्याची गरज नाही.

माझे मत विचाराल तर ३५-४० अश्वशक्तीचा एक ट्रॅक्टर, माल बहुतेक वावर ते घर आणि हंगामात चार-दोन खेपा मोंढ्याला, अशा घराने दोन चाकीच घ्यावी. भावकीत काय आले हे पाहू नये. रोज सडकेचे लांबचे भाडे मारणार असाल तर चार चाकी घ्या, पण ब्रेक असलेली. बिनब्रेकची भरलेली ट्रॉली सेनगाव-औंढ्याच्या उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि वळणावर आडवी करते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल कधीही करू नका आणि सडकेवर दोन्ही ब्रेकपेडल खिटीने जोडून ठेवा. हूक खालच्या जागीच लावा. वर लावलेला हूक जोर आला की ट्रॅक्टरचे तोंड उचलतो. ट्रॉलीची नोंदणीही परिवहन कार्यालयात ट्रॅक्टरसारखीच करावी लागते, ती घेण्याआधीच दुकानदाराला विचारून ठेवा.

एक गोष्ट मला लिहावीच लागते. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या बाया शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली आणि त्यांतल्या सात जणी गेल्या. ट्रॉली दोन चाकी असो की चार चाकी, ती मालासाठी आहे. तिच्यात बसायला जागा नाही, धरायला दांडी नाही, आणि ती उलटली तर बाहेर पडायला वाट नाही. हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे, तरी निंदणी-काढणीच्या दिवसांत सकाळी प्रत्येक फाट्यावर बायांनी भरलेली ट्रॉली दिसते. त्यात माझ्या ओळखीच्या मालकांच्याही असतात.

यंदा मजुरांना आणायचे असेल तर ऑटो किंवा जीप ठरवा. त्याचे भाडे काढणीच्या खर्चातच धरा आणि मजुरी ठरवतानाच मुकादमाशी तसे बोलून घ्या. वावरातली वाट विहिरीजवळून जात असेल तर ती हाताने आखून लांबून न्या आणि पावसाआधी विहिरीला कठडा घाला.