रिकाम्या घराचा शब्द

परवा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये मित्राच्या घरी गेलो होतो. त्याच्या आजोबांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत, फाळणीत सिंधमध्ये सुटलेल्या घराच्या क्लेमचे कागद. घड्यांना चिकटपट्ट्या, टाइप केलेली अक्षरं विटलेली. त्यांच्या वडिलांच्या नावापुढे ‘डिस्प्लेस्ड पर्सन’ असं होतं. खाली मात्र वेगळाच शब्द आला, ‘इव्हॅक्युई’.

“हे पण आम्हीच ना, पुट?”

“नाही दादा,” मी म्हणालो, आणि उत्तर तेवढ्यावर संपेना.

हा शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळला १९३९च्या सप्टेंबरात. बॉम्बच्या भीतीनं शहरांतली मुलं आगगाडीनं खेड्यांकडे धाडली, ती मुलं इव्हॅक्युई. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या पहिल्या पुस्तकातली चार भावंडं अशीच लंडनहून आलेली. ते पुस्तक १९५०चं. त्याच वर्षी दिल्लीत इव्हॅक्युई मालमत्तेचा कायदा झाला आणि तिथे शब्दातली माया आटली. १ मार्च १९४७ पासून फाळणीपायी भारत सोडून गेलेला माणूस म्हणजे इव्हॅक्युई. त्याचं घर सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात. पाकिस्ताननंही तसेच कायदे केले. म्हणजे दादांचे वडील इथे विस्थापित, आणि सिंधमधल्या हैदराबादेत, स्वतःच्याच घराच्या कागदावर, इव्हॅक्युई.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ रिकामा. खरं तर रिकामं होतं ते घर, गाव, माणूस नव्हे. कायद्याला कर्तव्य होतं तेही त्या रिकाम्या घराशीच.

आपला ‘निर्वासित’ मला जास्त खरा वाटतो. कुणीतरी घालवून दिलं, हे तो लपवत नाही. पण ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते या लष्करी छावणीच्या जागी वसणाऱ्या गावाची कोनशिला बसली, उल्हासनगर हे नाव मिळालं, त्यानंतरही कितीतरी वर्षं आपण कल्याण-अंबरनाथकडची माणसं ‘निर्वासितांचा कॅम्प’ म्हणत राहिलो. इथे जन्मलेल्या पोरांनाही तोच शब्द लावला. याचं मला फार वाईट वाटतं.

दादांनी सगळं ऐकलं. “तिथल्या कागदावर काय म्हणतात म्हणालास? परत सांग.”

मी सावकाश सांगितलं. त्यांनी समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेला, उजवीकडून डावीकडे, सिंधी लिपीत तो शब्द लिहून घेतला.