लाभांश म्हणजे पगार नव्हे



निवृत्तांना म्युच्युअल फंडाचा मासिक लाभांश व्याजापेक्षा बरा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. शंभराच्या युनिटवर रुपया वाटला की मूल्य नव्याण्णववर येते! म्हणूनच ‘सेबी’ने एप्रिल 2021पासून या पर्यायाच्या नावातच भांडवल काढून घेण्याचा उल्लेख घालायला लावला. शिवाय 2020पासून लाभांशावर कर आपणच भरायचा. (व्याजावरही आहेच म्हणा.)

रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बचत रोखे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राहून 0.35 टक्के जास्त देतात. व्याज 1 जानेवारी, 1 जुलैला. पण पैसा सात वर्षे अडकतो, ज्येष्ठांना थोडी सवलत एवढेच. 3 जून 2020च्या ‘निसर्ग’ वादळात आमच्याकडे घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. अशा वेळी कागदावरचे रोखे घेऊन कौले मिळत नाहीत. त्यापेक्षा पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बरी: व्याज दर तिमाहीला आणि अडचणीत थोडी कपात सोसून मोडताही येते.

फंड हवाच असेल, तर वाढीचा पर्याय घ्यावा आणि गरजेपुरती युनिट विकावीत. कर फक्त नफ्यावर लागतो.

– एक निवृत्त वाचक, दापोली