नळ आवळू नका, वायसर बदला



पाठीवरचा फवारणीचा पंप गळू लागला की आपण काय करतो? बांधावर बसून पंप उघडतो, झिजलेला वायसर काढून नवा घालतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्यासाठी कोणी कारागिराची वाट पाहत नाही. मग तोच हात न्हाणीतल्या गळक्या नळापाशी का अडतो? तिथे आपण एकच उपाय करतो, नळ अधिक जोराने आवळतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून आज तिच्याविषयीच सांगतो.

माहूरचे आमचे घर जुने. न्हाणीत छोटा हौद, हौदावर पितळी नळ आणि वर अंघोळीचा फवारा, दोन्ही एकाच पाइपावर. नळ महिनाभर टिपकत होता आणि मी येता-जाता तो पिळत होतो. मे महिन्यात रेणुकामातेच्या दर्शनाला पाहुणे आले. रात्री निजताना मी नळ असा काही पिळला की आतले आटेच गेले. पहाटे पाहतो तर छतावरची ५०० लिटरची टाकी रिकामी! नळाला पाणी येण्याची पाळी तीन दिवसांनी होती. सौ. आणि मुलीने शेजारच्या आडावरून घागरी वाहिल्या. सौ. एवढेच म्हणाली, "लोकांना ठिबक शिकवता, अन् घरातलं ठिबक बंद करता येईना का?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

थेंबाचा हिशोब आपणही करून पाहा. साधारण २० थेंबांचे एक मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला सव्वाचार लिटर पाणी जाते. नळाखाली लिटरचा तांब्या ठेवा. तो तासात भरला तर दिवसाला २४ लिटर गेले. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेले आहे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या माणसाचे पाणी आपण मोरीत सोडले. याच मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होते. हे विसरून चालणार नाही.

आता नळ का गळतो ते पाहू. चावी फिरवली की आतली दांडी खाली उतरते आणि तिच्या टोकाचा वायसर पाण्याच्या भोकावर बसतो. या भोकाच्या काठाला बैठक म्हणतात. वायसर झिजला की बैठकीवर नीट बसत नाही आणि पाणी वाट काढते. अशा वेळी जोर लावला तर वायसर चिरतो, बैठक खराब होते आणि शेवटी आटे जातात.

दुरुस्तीला पाना, पकड, पेचकस, जुने फडके आणि नवा वायसर एवढेच लागते. कृती अशी:

१. टाकीखालचा कॉक बंद करा आणि नळ उघडून पाइपातले पाणी काढून टाका. कॉक वर्षानुवर्षे न फिरवल्याने जाम झाला असेल, तर टाकी रिकामी होत आली असतानाच काम काढा. गिझर असेल तर आधी त्याची वीज बंद करा.

२. मोरीच्या तोंडावर फडके घाला, म्हणजे पडलेला स्क्रू वाहून जाणार नाही.

३. चावी अर्धी उघडी ठेवा. एका हाताने पकडीत नळाचे अंग धरा आणि दुसऱ्या हाताने पान्याने वरचा भाग उलटा फिरवून सोडवा. नळाचे अंग न धरता जोर केला तर भिंतीतला जुना पाइप पिळतो आणि भलतेच काम वाढते.

४. जुना वायसर काढून नमुन्यासाठी दुकानात न्या. गरम पाण्याच्या नळाला चामड्याचा वायसर घालू नका, तो कडक होतो.

५. बैठकीवरून बोट फिरवा. खड्डा किंवा खरखर लागली तर नवा वायसरही लवकर कापला जाईल. अशा वेळी कारागिराकडून बैठक घासून घ्यावी, नाहीतर नळच बदलावा.

६. सर्व बसवून कॉक हळूहळू उघडा. कोरडे फडके फिरवून सांध्याला ओल येते का ते पाहा.

पाणी तोटीतून न येता चावीच्या बुडातून येत असेल, तर दोष वायसरचा नाही. तिथला नट पाव फेरा आवळा. तेवढ्याने भागले नाही तर नट सोडवून दांडीभोवती वॅसलीन लावलेला सुती दोरा गुंडाळा. अलीकडच्या पाव फेऱ्याच्या नळांत असा वायसर नसतो. त्यांचा आतला संचच बदलावा लागतो.

फवारा बंद केल्यावर थोडा वेळ टिपकला तर काळजी नको, ते त्यात साचलेले पाणी असते. पण तासाभरानेही टिपकत राहिला तर त्याचा कॉक वरीलप्रमाणे उघडा. बोअरच्या जड पाण्याने फवाऱ्याची छिद्रे बुजतात, जशी ठिबकची तोंडे क्षाराने बुजतात. फवारा काढून तासभर लिंबाच्या पाण्यात ठेवा आणि दाभणाऐवजी बारीक सुईने छिद्रे मोकळी करा. तीव्र ॲसिड मात्र वापरू नका, त्याने वरचा मुलामा जातो.

शेवटी एक इशारा. नळ कोरडा आणि भिंत मात्र ओली असेल तर गळती पाइपात आहे. आपली जुनी घरे दगड-मातीची. मुरलेले पाणी आतली माती सैल करते आणि भिंत फुगते. तिथे वाट पाहू नका, कॉक बंद ठेवा आणि कारागीर बोलवा.

आज रात्री निजण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक नळाखाली कोरडे भांडे ठेवा. सकाळी ज्यात पाणी दिसेल, तो नळ पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत दुरुस्त झालाच पाहिजे. पोरीबाळींनाही सोबत घेऊन हे काम शिकवा. बंद करताना दोन बोटांचा जोर पुरला, म्हणजे काम नीट झाले असे समजा.