'प्रकरण' आणि मराठी समीक्षेचे सोवळे

मराठी समीक्षेत काही विशेषणे अशी आहेत की ती एकदा वापरली म्हणजे कृती वाचण्याचे कष्ट वाचतात. 'हलकेफुलके' हे त्यांतले अग्रगण्य. कचेरी, तिथली बढती-बदली, शेजारच्या टेबलावरच्या माणसाविषयी वाटू लागलेली ओढ, संध्याकाळी एकत्र घेतलेली कॉफी आणि दुसऱ्या दिवशी न आलेले उत्तर, एवढा ऐवज कथेत दिसला की आमचे समीक्षक-मित्र चष्मा काढून ठेवतात. हे 'नागर', हे 'मध्यमवर्गीय', हे दिवाळी अंकातल्या जाहिरातींच्या मधल्या पानांचे. यांपैकी एकाही शब्दाने त्या कथेविषयी काही सांगितले जात नाही, असे आमचे म्हणणे आहे.

मुळात हा विषय मराठीत आला तो हलका म्हणून नव्हे. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि पुस्तकापेक्षा लेखिका कोण याचाच शोध अधिक झाला. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या या लेखिकेने शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींबद्दल लिहिले होते. मुलगी मिळवू लागली की तिचा पगार घराला हवासा होतो आणि तिचे लग्न लांबणीवर पडते, हा त्यातला पेच केवळ भावनेचा नाही, हिशेबाचाही आहे. आम्ही वर्गांतून हे पुस्तक 'स्त्रीच्या मनाची घुसमट' या मथळ्याखाली शिकवतो. निःश्वास शिकवतो, पगार गाळतो. नंतर मेघना पेठे यांचा 'हंस अकेला' (१९९७) आला तेव्हा 'धीट' या शब्दाने त्याचे स्वागत झाले. जणू लेखिकेने कुंपणावरून उडी मारली होती!

कचेरी मात्र विनोदाच्या वाट्याला गेली. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी हा कारकून आपल्याला इतका आवडला की कारकुनाने हसवावे, त्याने प्रेमात पडून फजीत व्हावे, हा संकेतच होऊन बसला. त्या मुंबईचे प्रेम गंभीरपणे पाहिले ते बासू चटर्जींच्या हिंदी चित्रपटाने. 'छोटी सी बात' (१९७६) हसतखेळत पाहता येतो, पण त्यात कोण बसच्या रांगेत उभा आहे आणि कोण स्कूटरवरून येऊन मुलीला घेऊन जातो, यावर सारी कथा फिरते. अमोल पालेकरांच्या अरुणला नागेशविषयी वाटणारा मत्सर हा अर्ध्याहून अधिक त्या स्कूटरविषयीचा आहे. एक गोष्ट मात्र हा चित्रपट विचारत नाही. आडनाव. या जातीच्या कथांवर खरा आक्षेप घ्यायचा तर तो इथे घ्यावा. त्या हलक्या नसतात, अर्धवट सांगितलेल्या असतात.

आम्ही भाषेचे मास्तर, म्हणून थोडे शब्दांकडे वळतो. दोन सज्ञान माणसे आपले एकमेकांशी जमते का हे पाहत आहेत, यासाठी मराठीत शब्द कोणते? लफडे, भानगड आणि, सर्वांत सभ्य, 'प्रकरण'. हा तिसरा शब्द तर थेट कचेरीतला. ज्याची फाइल होते, जे वरिष्ठांपुढे ठेवले जाते, निकाली निघते किंवा प्रलंबित राहते, ते प्रकरण. याउलट ठरवून होणाऱ्या लग्नासाठी भाषा किती समृद्ध: स्थळ, पत्रिका, कांदेपोहे, बैठक, बोलणी, याद्या. 'डेटिंग' या शब्दाला नाके मुरडणाऱ्या शुद्धिवाद्यांनी याचे उत्तर द्यावे. शब्द परका आहे हे खरे, पण त्यामागची कृतीही आपल्याला नवी आहे. कांदेपोह्यांत नकार घर कळवते, तोही मध्यस्थामार्फत. इथे नकार स्वतः द्यायचा असतो, स्वतः घ्यायचा असतो आणि सोमवारी सकाळी त्याच माणसाकडून स्टेपलर मागायचा असतो.

आणि ही मागणी सम पातळीवरची असेलच असे नाही. 'चहाला येणार का?' हे वाक्य घ्या. सहकाऱ्याने म्हटले तर ते निमंत्रण. जिच्या किंवा ज्याच्या हाती वर्षअखेरचा गोपनीय अहवाल आहे त्या व्यक्तीने म्हटले तर त्याच तीन शब्दांचा अर्थ पालटतो. 'विशाखा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, २०१३ मध्ये कायदा झाला. कायद्याला ही रेषा नियमांनी आखावी लागते. स्वर, विराम, खोलीचे दार उघडे की लोटलेले, यांतून ती दाखवणे हे कथेचे काम होते. शैलीविज्ञानावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या आमच्या पेशाने या एका वाक्याचे विश्लेषण करून दाखवले असते, तरी पुष्कळ होते.

यावर हमखास उत्तर येते की शेतकरी आत्महत्या करीत असताना ही चोचले कशाला? हा युक्तिवाद आम्हाला शेतकऱ्याविषयीच्या कळवळ्यापेक्षा आळसाचा वाटतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणारे तरुण नवरदेवाचा वेष करून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही, कारण 'नोकरीवाला हवा'. शेतीचे अरिष्ट, जोडीदाराचा शोध आणि पगाराची पावती ही तिथे एकाच मिरवणुकीत चालत होती. जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'ने विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली मुलगी पुन्हापुन्हा 'दाखवली' जाते ती रीत पडद्यावर आणली. चित्रपट तिथवर पोचला. आमच्या प्रश्नपत्रिका अजून 'ग्रामीण' आणि 'नागर' यांतला फरक सोदाहरण स्पष्ट करा, एवढेच म्हणत आहेत.

अलीकडे एका कथालेखन स्पर्धेच्या परीक्षणाचे कागद आमच्या पाहण्यात आले. एका विद्यार्थिनीची कथा होती. परभणीहून पुण्यास नोकरीला आलेली मुलगी, तिच्या विभागातला मुलगा. तो डब्यात काय आहे असे सहज विचारतो आणि उत्तर देण्यापूर्वी ती डब्याचे झाकण अर्धे लावते. रात्री ती त्याला निरोप लिहिते, तीनदा पुसते, चौथ्यांदा फक्त 'उद्या सुट्टी आहे ना?' एवढेच पाठवते. परीक्षकांनी डब्याचा परिच्छेद लाल शाईने कंसात घातला होता आणि समासात लिहिले होते : 'अनावश्यक तपशील. आशय कुठे आहे?'