खरवस कुणाचा?

खरवस मला अतिशय आवडतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल की बाईंना आता मधुमेह झालाय म्हणून दुसऱ्याच्या ताटाकडे बघवत नाही! गूळ, वेलदोडा आणि किंचित जायफळ घालून उकडलेली वडी, तीसुद्धा पहिल्या दिवसाच्या चिकाची, सुरी घातली की कडा सरळ राहणारी. तिला तोड नाही. माझा वाद खरवसाशी नाही, पहिल्या दिवसाच्या चिकाशी आहे. तो चीक वासराचा आहे आणि आपण तो खातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हल्ली तर पुण्या-मुंबईकडून मागणीच येते. भाची फोनवर म्हणते, "मावशी, गावाकडून कुणी येणार असेल तर चीक पाठव ना, पण पहिल्याच दिवसाचा हं, तिसऱ्या दिवसाची वडी मऊ पडते." तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण ती मऊ का पडते?

मी बी. ए.ला मराठी घेतलेली बाई, जनावरांची डॉक्टर नव्हे. पण माझा एक विद्यार्थी पुढे उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकला. तो भेटायला आला की मी त्याला प्रश्न विचारून भंडावते (चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारायची सवय, जात नाही). त्यानं सांगितलं ते असं. पहिल्या चिकात प्रथिनं भरमसाठ असतात आणि तीच उष्णतेनं गोठतात, म्हणून वडी घट्ट होते. त्या प्रथिनांतला मोठा वाटा असतो रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा. गाईनं आयुष्यभरात ज्या ज्या जंतूंशी झुंज दिली, त्या सगळ्यांविरुद्धची तिची शिबंदी त्या चिकात उतरलेली असते. पुढच्या प्रत्येक धारेला ती झपाट्यानं कमी होत जाते. म्हणजे वडीचा जो घट्टपणा आपल्याला हवासा वाटतो, तोच वासराचा जीव वाचवणारा ऐवज आहे. हे कळल्यापासून मला ती वडी पूर्वीसारखी गोड लागत नाही.

आता कुणी म्हणेल, माणसाची लेकरंही आईच्या पहिल्या दुधाविना वाढलीच की. आपल्याकडे कित्येक घरांत ते दूध पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचे. ती रीत वाईटच होती. पण माणसाच्या बाळाला आईचे प्रतिपिंड पोटात असतानाच, वारेतून मिळालेले असतात. गाई-म्हशींची वार तशी नसते, तिच्यातून ते पलीकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं ते अक्षरशः निःशस्त्र. त्याला जे मिळायचं ते चिकातूनच. स्वतःचे प्रतिपिंड पुरेसे तयार करायला त्याला काही आठवडे लागतात आणि तोवर गोठ्यातले जंतू थांबत नाहीत.

आणि यातली खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. आतड्याचं अस्तर म्हणजे गावाची वेस. खाल्लेलं अन्न बारीक फुटल्याशिवाय तिथून आत सोडत नाहीत. प्रतिपिंड हे तर भलेमोठे रेणू, मोठ्या जनावराच्या पोटात ते पचून जातील, अखंड आत शिरायचेच नाहीत. पण नुकत्या जन्मलेल्या वासराच्या आतड्याच्या पेशी त्यांना सगळेच्या सगळे उचलतात आणि रक्तात पोचवतात. ही वेस पहिल्या काही तासांत सताड उघडी असते, मग हळूहळू दार लोटलं जातं आणि सुमारे २४ तासांत बंद होतं. त्यानंतर घागरभर चीक पाजला तरी पोटाला पोषण आणि आतड्याच्या आतल्या बाजूला थोडं संरक्षण मिळेल, रक्तात काही पोचणार नाही. शिवाय उघड्या वेशीतून चांगलेच लोक येतील असं कुठंय? शेणामातीतले जंतू चिकाच्या आधी पोटात गेले तर त्यांनाही तीच वाट मोकळी असते.

चिकात आणखी एक सोय केलेली असते. प्रथिनं फोडणाऱ्या पाचकरसाला अडवून धरणारा एक घटक त्यात असतो, म्हणजे प्रतिपिंड वाटेत पचून जाऊ नयेत. (गंमत म्हणजे अशाच कामाचा घटक आपल्या लातूरच्या सोयाबीनमध्येही असतो. तिथं मात्र तो नडतो, म्हणून न भाजलेलं कच्चं सोयाबीन जनावरांपुढे टाकू नये म्हणतात. एकच गुण, एका ठिकाणी तारतो आणि दुसरीकडे मारतो.)

हे सगळं काही काल-परवा कळलेलं नाही. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या दोघांनी १९२२ साली काही वासरांना चीक पाजला, काहींना मुद्दाम पाजला नाही. न पाजलेल्यांतली बहुतेक मेली. शंभर वर्षं उलटून गेली या गोष्टीला. आणि आपल्या गावात काय ऐकू येतं? "बाई, आधी जार पडू द्या की! जार पडायच्या आत पाजलं तर वासराला पचत नसतंय."

जार, म्हणजे वार, पडायला आठ-दहा तास सहज लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात वेशीचं दार अर्धं लोटलं जातं. उलट वासरानं आचळ ओढलं की गाईच्या शरीरात जो स्राव सुटतो त्यानं पान्हा फुटतो आणि गर्भाशयही आकसतं, जार पडायला मदतच होते. गाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. ती वासरू चाटून उभं करते, तासाभरात ते धडपडत कासेकडे जातं. मध्ये दावं बांधणारे आपण.

सासरी, १९७५ च्या सुमारास, आमची देवणी गाय व्याली तेव्हा मी नवी सून होते. जार पडला दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर गोऱ्हा पलीकडच्या खुंट्याला. चीक मात्र काढून झाला होता, शेजारीपाजारी वाटूनही झाला होता. तिसऱ्या दिवशी त्याला पांढरी हगवण लागली आणि पाचव्या दिवशी तो गेला. घरात कुणीही क्रूर नव्हतं. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. सगळ्यांचं एकच म्हणणं, त्याचं आयुष्य तेवढंच होतं.

हगवणीचंही तसंच. वासराला हगवण लागली की पहिला उपाय काय, तर दूध बंद! आम्ही शिक्षक १९८० नंतरच्या काळात गावोगावी सांगत फिरायचो, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. त्यामागचं कारण तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आतड्याच्या पेशीत एक दार असं आहे की साखर आणि मीठ जोडीनं आलं तरच ते उघडतं, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत जातं. नुसतं पाणी हगवणीत टिकत नाही ते यासाठी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणावर पटकीचे असंख्य रोगी वाचवले. वासराच्या आतड्यालाही तेच दार आहे. जनावरांसाठीची क्षारांची पुडी दवाखान्यात मिळते, प्रमाण डॉक्टरांना विचारावं, पण दूध तोडू नये. अधूनमधून दूध, मधल्या वेळात क्षारपाणी. हगवणीनं झिजलेलं आतड्याचं अस्तर पुन्हा भरून यायला अन्न लागतंच ना!

आता मुख्य आक्षेप. शेतकऱ्याला चिकाचे दुधापेक्षा चांगले पैसे मिळतात, ते त्यानं का सोडावे? वाजवी प्रश्न आहे. पण वीस-बावीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात लागतो साधारण दोन लिटर चीक, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. त्याचे पैसे किती होतात आणि हाळी हंडरगुळीच्या बाजारात देवणीच्या जोडीला किंवा माळेगावच्या यात्रेत लाल कंधारीच्या खोंडाला किती मिळतात, याचा हिशेब शेतकऱ्याला मी सांगायला नको. म्हशीच्या टोणग्याचं मात्र अवघड आहे. त्याला बाजारच नाही, म्हणून त्याला चीकही नाही. यावर माझ्याकडे पैशाचं उत्तर नाही. तो उपाशी मरू नये एवढंच वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या दिवसाच्या धारा वासराच्या. पोट भरून उरलं तर जरूर काढा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाची वडी मऊ होते, होऊ द्या. भाचीला तेच कळवलंय. ती रुसलीय थोडी, पण माझा हा ब्लॉग वाचते, तेव्हा कळेल.

आतड्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. लग्नसराईत पंगतीतला उरलेला भात, बुंदी, पोळ्या जनावरांपुढे ओतायची जी पद्धत पडलीय, तिला लोक पुण्य समजतात. गाईचं कोठीपोट हे कडब्यासाठी, गवतासाठी बनलेलं. तिथले जंतू चोथा सावकाश आंबवतात आणि तयार होणारी आम्लं पोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, तेच तिचं मुख्य इंधन. एकदम टोपलीभर भात पडला की आम्ल इतकं भराभर तयार होतं की ती भिंतच भाजून निघते, आणि मग विष रक्तात उतरतं. जनावर खाणं सोडतं, लंगडतं, कधी कधी दोन दिवसांत मरतं. मालक म्हणतो दृष्ट लागली.

आमच्या घराजवळच्या एका मंगल कार्यालयात जाऊन मी दोनदा बोलले. एकदा त्यांनी उरलेलं खड्ड्यात पुरलं. दुसऱ्यांदा "हो बाई, हो बाई" म्हणाले आणि संध्याकाळी मागच्या दाराशी चार गाई उभ्या होत्या. तुळशीच्या लग्नानंतर तिथल्या तारखा पुन्हा सुरू होतील, तेव्हा परत जाणार आहे.